आत्या अडकते ती जागा

१

दुकानाचं शटर जेमतेम अर्धं वर गेलं होतं. तेवढ्यात ती बाई वाकून आत शिरली आणि काउंटरवर पेन ड्राइव्ह आपटून म्हणाली, "कुणाच्या सांगण्यावरून कापलंत?"

सकाळचा चहा पोटात जाण्याआधी मला कुणी 'बऱ्या आहात ना' असं विचारलं तरी मी वसकते. त्यात हे. मी म्हटलं, "आधी बाहेर जा. शटर पुरतं वर जाऊ दे, मग माणसासारख्या आत या आणि बोला."

"माझ्या वडिलांचा शेवटचा समारंभ होता त्या डिस्कवर. त्यातून तुम्ही नेमकं मला कापलंत!"

माझा धंदा काय ते सांगते, म्हणजे आरोप किती मूर्खपणाचा होता ते कळेल. लोकांच्या कपाटात ब्लू-रे डिस्क पडून असतात. लग्नाच्या, वाढदिवसाच्या, नाटकाच्या. चित्र इतकं स्वच्छ की मागच्या रांगेतल्या माणसाची जांभईही दिसावी. पण घरातला प्लेअर केव्हाच बिघडलेला असतो आणि नवा कुणी घेत नाही. मी ती डिस्क ड्राइव्हमध्ये घालते, तिच्यावर आहे ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेते आणि टीव्हीवर किंवा फोनवर चालेल अशी फाइल करून देते. कापाकापी करत नाही. दुसऱ्यांच्या वाढदिवसांत मला काडीचा रस नाही, तर कापू कशाला?

"घाईत काहीतरी घोळ घातला असेल हिने," कोपऱ्यातून आवाज आला.

हा आवाज माझ्या सासूबाईंचा. घरात रंगकाम चालू होतं आणि रंगाच्या वासाने त्यांना शिंका येत, म्हणून त्या रोज माझ्या दुकानात येऊन बसत. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं. जळालेलं गोदाम खरंच आपसूक जळालं का आणि चोरीला गेलेली गाडी खरंच चोरीला गेली का, हे शोधायचं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी घरात दुधाचं पातेलं उतू गेलं की त्या अजूनही तिघांची वेगवेगळी जबानी घेतात.

"अहो आई, तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं.

"का? गिऱ्हाईक तुझ्यावर आळ घेतंय. आळ खरा का खोटा ते बघायला नको?" त्यांनी त्या बाईला स्टूल दिलं. मला आजतागायत कधी दिलेलं नाही. "बसा. आणि पहिल्यापासून सांगा. काय दिसायला हवं होतं आणि काय दिसत नाही?"

ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "मी आले होते, एवढं दिसायला हवं होतं. माझ्या आईचे डोळे जाताहेत. बाहेर डोकावलं तरी नुसता उजेड-अंधार कळतो, जवळ धरलेलं तेवढं दिसतं, आणि तेही रोज थोडं थोडं कमी होतंय. रविवारी ती ही फाइल बघणार आहे. तीत मी नसले, तर तिच्या लेखी मी कायमची खोटारडी."

२

तिच्या घरात तिला धाकटी म्हणत. चाळिशीला आली तरी धाकटीच. ती वडिलांशी कडाक्याचं भांडून घराबाहेर पडली होती. जाताना दार इतकं जोरात आपटलं होतं की चौकटीची खपली उडाली, असं तिनेच सांगितलं.

"पुढे बाबांची पंचाहत्तरी आली. थोरल्या दादाने हॉल घेतला, कॅमेरावाला बोलावला. आदल्या आठवड्यात आई पडली, मांडीचं हाड मोडलं. ती हॉस्पिटलात, वहिनी तिच्याजवळ. बाबा म्हणाले, समारंभ होऊ दे, तिला नंतर डिस्कवर दाखवू. मला बोलावणं नव्हतंच. तरी मी गेले. स्टेजच्या बाजूला काचेचं दार आहे, त्याच्याबाहेर व्हरांड्यात उभी राहिले. आत्या गात होती. बाबा स्टेजवरच खुर्चीत होते. त्यांनी मला पाहिलं आणि ते उठून बाहेर आले."

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"मग काय. मला जवळ घेतलं. बोललो फारसं नाही. 'उद्या आईकडे जाऊ, दोघं मिळून' म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलेच. झोपेतच." तिने नाक पुसलं, रागानेच. "आत्या हॉस्पिटलात आईला सांगून मोकळी झाली होती की मी आले नाही. बापाच्या पंचाहत्तरीलाही आली नाही. आई त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही."

"हॉलमध्ये माणसं होती ना? कुणी पाहिलं नाही?"

"वडील उठून दाराबाहेर गेले एवढंच पाहिलं असेल. म्हाताऱ्या माणसाला उठावं लागतं मधेमधे. दादा तेव्हा मागे जेवणाच्या तयारीत होता."

"आणि डिस्क? एवढ्या वर्षांत ती आईने पाहिली नाही?"

धाकटी पहिल्यांदाच किंचित हसली, तेही कडवट. "पाहिली की. पन्नासदा. पण ती पुढे जातच नाही. डिस्कवर ओरखडा आहे. आत्याने गाताना 'आ' केला की चित्र थिजतं. आत्या तोंड उघडून अडकते. घरात विनोदच झालाय त्याचा. तिथे आलं की प्लेअर बंद करून डिस्क काढायची. मी उभी आहे ती त्याच्यापुढे. काचेतून, लांबवर, पण एवढ्या स्वच्छ डिस्कवर दिसणारच. म्हणून इतके महिने भांडून दादाकडून ती मिळवली, आणि तुमच्याकडे आणली. तुम्ही चांगल्या ड्राइव्हवर ओरखडा ओलांडाल म्हणून."

"ओलांडला की!" मी म्हटलं. "कुठे अडकलीही नाही. त्या बाईंच्या तोंडावर क्षणभर चौकोन चौकोन झाले आणि चित्र पुढे गेलं. गाणं संपलं, टाळ्या झाल्या. माझा ड्राइव्ह आहेच तसा."

सासूबाईंनी माझ्या ड्राइव्हचं कौतुक कानाआड केलं. "डिस्क आणलीय का?"

धाकटीने पिशवीतून काढली. वर 'पंचाहत्तरी' असं छापलेलं स्टिकर. डिस्कवर स्टिकर चिकटवणाऱ्या लोकांचा मला मनस्वी राग आहे, आणि याच्या तर कडाही चुरगळलेल्या होत्या. डिस्क आली त्याच दिवशी मी त्यावरून चडफडले होते.

सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, डिस्क उलटी केली आणि खिडकीजवळ नेऊन बराच वेळ तिरकी-सरळ करून पाहिली.

"सूनबाई, तुझे डोळे तरी ठीक आहेत ना?" त्या म्हणाल्या. "ओरखडा कुठाय हिच्यावर?"

मी पाहिलं. डिस्कची पाठ आरशासारखी लख्ख होती.

३

"गाडीचा पत्रा कोरा करकरीत आणि आतल्या सीटवर जुना मार, अशी केस मी पाहिली आहे," रिक्षात सासूबाई म्हणाल्या. "चित्रात जखम आहे आणि डिस्कवर नाही. म्हणजे कुणीतरी जुनी डिस्क कॉम्प्युटरवर उतरवली, हवं ते कापलं आणि नव्या डिस्कवर चढवलं. जुनीचं स्टिकर काढून नवीला लावलं. म्हणून कडा चुरगळल्या. तुला हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं."

खरं होतं म्हणूनच फार झोंबलं. 

थोरल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार वहिनींनी उघडलं, तेही साखळी न काढता. धाकटीला पाहून त्यांनी साखळी काढली खरी, पण 'या' म्हटलं नाही.

थोरला सोफ्यावरून उठला नाही. "आता आणखी काय? डिस्क पाहिजे होती, दिली. फाइल झाली. तीत तू नाहीस, कारण तू आलीच नव्हतीस. मी तेव्हाच म्हणालो होतो."

"तू मागे भाताची पातेली मोजत होतास, दादा! तू काय बघितलंस?"

"भांडण नंतर," सासूबाई त्या दोघांच्या मधे खुर्ची ओढून बसल्या. "डिस्क कुठे असायची?"

"टीव्हीखालच्या कपाटात," वहिनी म्हणाल्या. "कुलूप नाही. आणि मला ती गायब करायची असती ना, तर केव्हाच कचऱ्यात टाकली असती. बदलाबदली कशाला करत बसू? घर, मुलं, सासूबाईंचे डोळ्यांचे थेंब यातून मला वेळ तरी आहे का?"

बदलाबदलीबद्दल आम्ही अजून चकार शब्द काढला नव्हता. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"बदलाबदली कोण म्हणालं?"

वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "ही फोनवर ओरडत होती ना सकाळी. 'डिस्कच बदललीत' म्हणून."

"ओरडले मी," धाकटी पुटपुटली. "रिक्षात बसण्याआधी."

"बरं. हिच्या हातात देण्याआधी डिस्क घराबाहेर गेली होती?"

थोरला म्हणाला, "कॅमेरावाल्याकडे एक प्रत असेल म्हणून विचारलं होतं, तो म्हणाला नाही. तेवढंच."

"आणि आत्याबाई घेऊन गेल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "परक्या मशीनमध्ये जाण्याआधी एकदा भावाला बघते म्हणाल्या. त्यांच्या कॉम्प्युटरला डिस्क लागते. त्याच्यावरच तर गाण्याचे धडे करून पाठवतात त्या शिष्यांना. आणून दिली लगेच."

आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. त्यांची आई दारात येऊन उभी राहिली. नजर आमच्या कुणाच्याच तोंडावर टेकत नव्हती.

"धाकटी आलीय का?" त्यांनी सुनेला विचारलं. लेक चार हातांवर उभी होती, पण तिला नाही. "तिला म्हणावं, दाखवायचं असेल ते लवकर दाखव. नुसत्या शपथा ऐकून माझे कान किटले."

 एवढ्यात मागून घोगरा, फाटका आवाज आला, "काय दाखवणार? असलं तर दाखवेल ना!"

उघड्याच राहिलेल्या दारात आत्या उभी होती. ताठ कणा, इस्त्रीची साडी. डिस्कवर मी ऐकलेला तो भरलेला, तासलेला आवाज या गळ्यातून निघत असेल यावर विश्वास बसेना. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून आवाज गेला, असं धाकटीने नंतर सांगितलं.

सासूबाईंनी तिलाही विचारलं. ती उभ्यानेच म्हणाली, "मी गायले. गाणं पुरं झालं. टाळ्या झाल्या. भाऊ शेवटपर्यंत जागचा हलला नाही. आणखी काय हवंय तुम्हाला? आणि तुम्ही कोण विचारणाऱ्या?"

"मी हिची सासू," सासूबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, जणू तेवढ्याने अधिकार सिद्ध होत होता.

४

दुकानात परतल्यावर सासूबाईंनी फरमान सोडलं, "मोठा पडदा लाव. ते गाणं पहिल्यापासून."

"आई, मी ते पाहिलंय."

"तू पाहिलं नाहीस. तू ते चालू ठेवून फोनवर बोलत होतीस."

मी निमूटपणे लावलं. स्टेजवर आत्या, मागे पेटीवाला आणि तबलजी. डावीकडे खुर्चीत धाकटीचे वडील, पांढरा सदरा, हातात काठी. त्यांच्याही डावीकडे काचेचं दार. आत्या खरोखर सुंदर गात होती. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी हात थांबले. मग ती जागा आली. तिने तोंड उघडलं, तान वर चढली, चौकोन चौकोन, आणि चित्र पुढे सरकलं. धृपद आलं, टाळ्या आल्या, लोक खुर्च्या सरकवून जेवायला उठले.

"मागे घे. थांब. तो कोण?"

खालच्या कोपऱ्यात एक वाढपी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन खुर्च्यांच्या कडेने जात होता. एक ग्लास कलला. दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्याने तो हनुवटीने सावरला.

"बिचारा," मी म्हटलं. "हुशार आहे."

"हुशार आहेच. आता गाण्याच्या सुरुवातीला जा. पहिलं धृपद."

गेले. कोपऱ्यात वाढपी आला. ग्लास कलला. त्याने हनुवटीने सावरला.

मी दोन्ही तुकडे शेजारीशेजारी लावले. वाढप्याची पावलं, आत्याच्या कपाळावरची बट, वडिलांनी कान खाजवला तो क्षण, सगळं हुबेहूब. शेवटचं धृपद मुळात पहिलंच होतं. उचलून मागे चिकटवलेलं. सांधा नेमका त्या चौकोनांखाली लपवला होता, ओरखड्यामुळे चित्र फुटतं तिथे. आणि टाळ्या आत्या स्टेजवर आली तेव्हाच्या होत्या. पुढच्या रांगेतला एकजण टाळ्यांमध्ये शिंकतो, ती शिंकही दोनदा.

"धाकटीकडून नंबर घे आणि कॅमेरावाल्याला लाव फोन," सासूबाई म्हणाल्या.

तो भलताच तिरसट निघाला. "जुन्या कामांचं काही ठेवत नाही हो मी! एक डिस्क दिली, विषय संपला. कॅमेरा स्टँडवर लावून मी जेवायला गेलो होतो, पण माइकचा आवाज कानाला लावलेला होता. आठवतंय ना, का नाही आठवणार? त्या बाई गाता गाता मधेच थांबल्या. एकदम. मला वाटलं शब्द विसरल्या. पुन्हा गायल्याच नाहीत. उगाच कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि पंगत सुरू झाली. झालं समाधान?" त्याने फोन आपटला.

मी पडद्याकडे बघत राहिले. तिथे आत्या टाळ्यांना मान लववत होती.

"गाणं पुरं झालंच नव्हतं," मी म्हटलं.

"नव्हतंच. आता मला सांग, मुलीला कापायला निघालेल्या माणसाला गाणं पुरं करायची काय गरज पडली?"

५

रविवारी आम्ही पुन्हा त्या घरात गेलो. सासूबाईंच्या सांगण्यावरून धाकटीने आत्यालाही बोलावलं होतं, फाइल बघायला म्हणून. आईची खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात होती. त्यांच्याशी बोलण्याआधी सासूबाईंनी त्यांच्या हाताला हात लावला. इतक्या हळुवारपणे त्या कुणाशी वागतात हे मला ठाऊक नव्हतं.

"तुमची लेक त्या दिवशी आली होती," त्या म्हणाल्या. "दाखवायला आत्ता माझ्याकडे चित्र नाही. पण चित्र कुणी पळवलं ते सांगते."

थोरला उसळला. "हे बघा, माझ्या घरात येऊन—"

"ऐकून घ्या. संशय मी तुमच्यावरही घेतला, तुमच्या बायकोवरही आणि या माझ्या सुनेवर तर सगळ्यात आधी. डिस्क बदलली आहे, जुनी नाही, हे नक्की. आता तुम्हाला बहिणीला काढायचं असतं तर तुम्ही काय केलं असतं? आत्याने 'आ' केला की तिथेच डिस्क संपवली असती. कुणी हूं की चूं केलं नसतं. घरात सगळ्यांना माहीतच आहे, आत्या तिथे अडकते. तुमच्या बायकोने तर म्हणे कचऱ्यातच टाकली असती. पण हे ज्याने केलं, त्याने बसून सुरुवातीचं धृपद उचललं, शेवटी जोडलं, सूर तुटणार नाही असं सांधलं, वर टाळ्या लावल्या. मुलीला काढायला यातलं काहीच लागत नव्हतं. हे गाण्यासाठी केलं. ते गाणं पुरं व्हावं अशी आच या घरात एकाच माणसाला होती."

 वहिनींनी आत्याकडे पाहिलं आणि पटकन नजर फिरवली.

"वन्सं?" आई म्हणाल्या. मान चुकीच्या दिशेला वळली होती.

"मी इकडे आहे," आत्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हो, केलं मी! काय करायचं ते करा. तसा आवाज मला जन्मात लागला नव्हता. भरल्या हॉलमध्ये, भावासमोर. त्याच्याचसाठी बसवलं होतं ते गाणं. आणि तान शिखराला पोचली, तर हा उठला. माझ्याकडे पाठ करून चालू लागला. कुणासाठी? जी त्याच्या तोंडावर दार आपटून गेली तिच्यासाठी! माझा गळाच बंद झाला. लोक म्हणाले, शब्द विसरली. मी? शब्द?"

"म्हणून तू मला सांगितलंस की ती आली नाही," आई म्हणाल्या.

"आत आली कुठे ती? दाराबाहेरच होती. खोटं काय सांगितलं?"

"आत्या!" धाकटी ओरडली. मी तिचा दंड धरला, नाहीतर ती तिच्या अंगावरच गेली असती.

"माझा नवरा दुसऱ्या दिवशी गेला," आई शांतपणे म्हणाल्या, आणि तो शांतपणा ओरडण्याहून वाईट होता. "तेव्हा तरी सांगायचंस."

आत्याचा ताठ कणा पहिल्यांदा वाकला. "तेव्हा तर सांगताच येईना," ती म्हणाली.

थोरल्याने विचारलं, "आणि जुनी डिस्क?"

"मोडून टाकली."

 इतक्या वर्षांचं भांडण, आईचे जाणारे डोळे, आणि डिस्क मोडलेली. मला भयंकर राग आला. कुणाचा ते ठरवता येईना.

"खोटं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही ती मोडणं शक्य नाही. तो आवाज आता तुमच्याकडे उरलाय कुठे? जोडलेली प्रत नव्याने बनवताना तो दाबला गेलाय, खरा तसाच्या तसा त्या एका डिस्कवर आहे. तुम्ही ती रोज लावून ऐकत असाल."

 आत्याने खांद्यावरची पर्स उघडली. डिस्क मऊ फडक्यात गुंडाळलेली होती.

६

मी ती घेऊन धावतच दुकान गाठलं. सासूबाई मागून धापा टाकत आल्या. ओरखडा खरोखर ओंगळ होता. मधून बाहेर अशा सरळ हाताने पुसून, पॉलिश लावून, मी ती ड्राइव्हमध्ये घातली आणि वाचायचा वेग अगदी खाली आणला. त्या जागी ड्राइव्ह खरखरला, थांबला, मागे गेला, पुन्हा वाचू लागला. मी दात आवळून बसले होते. सासूबाई खांद्यावरून वाकून "जळेल हं ते" म्हणत होत्या. मी त्यांना गप्प बसा असं म्हणाले, आणि नवल म्हणजे त्या गप्प बसल्या.

उतरली. चौकोन तेवढे राहिले, त्याला इलाज नव्हता.

दुपार कलायच्या आत आम्ही पुन्हा तिसऱ्या मजल्यावर होतो. आत्या गेली नव्हती. बाहेरच्या खोलीच्या चौकटीला टेकून उभी होती. बस म्हणायला कुणी तयार नव्हतं. मी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावत असताना तिने मला हळूच विचारलं, "गाणं जसं आहे तसंच ठेवलंत?"

"मी कापाकापी करत नाही," मी म्हटलं. "जोडतही नाही."

"म्हणजे अर्धंच," ती म्हणाली आणि मान हलवली.

आईने खुर्ची इतकी पुढे घेतली की नाक पडद्याला लागायचं बाकी होतं. धाकटी शेजारी जमिनीवर बसली. गाणं सुरू झालं. तान चढली, चौकोन आले, गेले. खुर्चीतला पांढरा सदरा उठला. तान तुटली. इतक्या विद्रूपपणे तुटली की चौकटीपाशी उभ्या आत्याने डोळे मिटले. हॉलमध्ये कुजबुज, आणि तिच्यावर काठीची टकटक, सावकाश, डाव्या बाजूला जाणारी.

"ही त्यांची काठी," आई म्हणाल्या. "कुठे आहेत? मला नुसता उजेड दिसतोय."

धाकटीने आईचं बोट धरून पडद्यावर टेकवलं. "हे काचेचं दार. हे बाबा. आणि ही मी, निळ्या कपड्यांत."

काचेपलीकडे दोन माणसं, बोटभर उंचीची. म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी पोरीचं डोकं छातीशी धरलं. तो नवऱ्याचा चेहरा आईला दिसला की नाही, मला सांगता येणार नाही. पण बोट पडद्यावरून हललं नाही आणि त्या एकदम हसू लागल्या, गालांवरून पाणी ओघळत असताना.

"काठी टाकली बघ त्यांनी. काठी सोडून ते माझ्यासाठीसुद्धा कधी उभे राहिले नाहीत."

पडद्यावर पंगत सुरू झाली. थोरला खिडकीबाहेर बघत होता. वहिनी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. धाकटीने माझी माफी मागितली नाही, आणि मलाही तिची वाट बघायला सवड नव्हती. ती रिमोट शोधत म्हणाली, "आई, पुन्हा लावू? जवळून? मोठं करून लावता येतं."

"नको," आई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची टीव्हीकडून कष्टाने वळवली. "ते आता कुठे पळून जातंय. तू इकडे ये, खिडकीपाशी, उजेडात बस. दिसतंय तोवर तुझं तोंड बघू दे मला."

धाकटी उजेडात जाऊन बसली. आईने चाचपडत तिच्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.